आवाज कसला आहे

आधी ठरवू या, म्हणाली वृंदा, आवाज कसला आहे.
खडखड नाही. खडखड म्हणजे डब्यात सुपारी.
ही खुळखुळ. तीही सुकी.

गॅरेजमधल्या काउंटरवरच्या पोरानं
कॉम्प्युटरमध्ये एकच शब्द भरला होता: नॉइज.
निदानाचे एकशे चाळीस डॉलर, पुढचं पुढे.
आम्ही किल्ली परत मागून घेतली.

स्कनेक्टडी. नोव्हेंबरातला शनिवार.
ड्राइव्हवेवर फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर मी उताणा, माझ्यावर कॅमरी,
दोन हजार तीनची, दोन लाख चौदा हजार मैल.
इथे बर्फावर मीठ टाकतात, ट्रकच्या ट्रक.
बावीस हिवाळे तिनं ते पोटाखालून खाल्लं.
खाल्ल्या मिठाला जागणारी गाडी, मी एकदा म्हणालो,
आणि ऋजुताला वाक्प्रचार समजावून सांगितला.
मग हसायचं राहूनच गेलं.

गेल्या शनिवारी पुढची डावी लिंक बदलली.
नट इतका गंजलेला की रात्रभर तेल पाजलं,
सकाळी पाइप लावून पान्यावर उभा राहिलो,
तेव्हा कुठे बंदुकीसारखा आवाज करून सुटला.
शेजारचे पुलास्की पडद्याआडून बाहेर आले.
चाळीस वर्षं टर्बाइनच्या कारखान्यात काढलेला माणूस.
काही न बोलता त्यांनी दोन स्टँड आणून ठेवले,
आणि जाताना एवढंच:
नुसत्या जॅकवर विश्वास ठेवून बायकोला विधवा करू नकोस.

लिंक नवी. आवाज जुनाच.

बफेलोहून फोनवर ऋजुता:
बाबा, किणकिण आहे का? माझ्या वेळी किणकिण होती.
ती ह्याच गाडीवर शिकली, मागचा दिवाही तिनंच फोडला.
हल्ली मराठीत तिची क्रियापदं गळतात,
लिंगं तर केव्हाच गळाली,
पण कुरकुर, चिरचिर, घरघर, फुरफुर
सगळं जागच्या जागी, एकही बोल्ट सैल नाही.
खुळखुळ, वृंदा म्हणाली.
मग वरवरचं असेल काहीतरी, म्हणाली ऋजुता, पातळ.

पातळ.
मी वृंदाकडे लाटणं मागितलं.
एक टोक कानाला, दुसरं गाडीच्या अंगाला,
ती स्टिअरिंगवर, पाय हलकेच ॲक्सिलरेटरवर.
इंजिन: नुसती गुरगुर, बिचारं निर्दोष.
गिअरबॉक्स: काही नाही.
मग सायलेन्सरच्या नळीवरचा तो पत्रा,
उष्णता अडवायला लावलेला, कागदाइतका.
लाटण्यानं दाबला, आवाज बंद.
सोडला, चालू.
दाबला. सोडला.
कळलं, वरून वृंदा ओरडली, आता खेळू नकोस.

बोल्टच्या जागी भोकं, भोवती गेरू.
नळी थंड व्हायला दीड तास. दोन चहा.
पुलास्कींनी कुठल्याशा कॉफीच्या डब्यातून
दोन मोठे क्लॅम्प काढून दिले. पैसे घेईनात.
मी आवळले, पत्रा गप्प बसला.
ते लाटणं आता माझ्या पोळपाटावर येणार नाही, वृंदा म्हणाली,
तेव्हापासून ते हत्यारांच्या पेटीत असतं,
पान्यांच्या रांगेत, जरा संकोचून.

अंधार पडायच्या आत चक्कर मारली.
युनियन स्ट्रीटचा चढ, सिग्नल, ग्रंथालयाचं वळण.
खुळखुळ नाही.
इतकी शांतता ह्या गाडीत कधी होती आठवेना,
आणि त्या शांततेत, खालून कुठून तरी,
इतके दिवस ह्या आवाजाच्या आड बसलेला
एक दुसरा.

मी बोललो नाही. वाटलं, मलाच ऐकू येतोय.
वृंदानं त्या थंडीत काच पूर्ण खाली केली,
डोकं बाहेर काढलं, मफलर उडायला लागला.
कुरकुर नाही, म्हणाली.
करकरही नव्हे.
थांब जरा, ह्याला शब्द आहे,
अगदी ओठावर आहे माझ्या.
परत एकदा वळव.